‘फिजिओ करून झालंय’: एका खो-खो खेळाडूच्या खुब्याचं प्रकरण

“फिजिओ करून झालंय, मॅडम. आता ऑपरेशनच. सर म्हणाले एकदा तुम्हाला दाखवून घे, म्हणून आले.”

एवढं बोलून तिने फाइल माझ्या, म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या, टेबलावर ठेवली. फाइलमध्ये एक्स-रे, एमआरआयची सीडी आणि शस्त्रक्रियेच्या अडीच लाखांच्या अंदाजपत्रकाचा कागद. बसताना तिने उजवा पाय पुढे सरकवला आणि सगळा भार डाव्या कुल्ह्यावर घेतला. कुठे दुखतं विचारलं, तर बोट न दाखवता सगळा पंजाच खुब्यावर ठेवला, अंगठा मागे आणि बाकीची बोटं जांघेकडे. दुखणं खुब्याच्या सांध्याच्या आतलं असलं की माणसं बहुतेक वेळा असाच पंजा ठेवतात. कंबरेचं दुखणं असेल तर हात पाठीवर जातो.

वय २७. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका, कंत्राटी. पाचवीपासून खो-खो, पुढे राज्य पातळीपर्यंत. नाव-गाव इथे देत नाही. चौदा महिन्यांपासून उजव्या जांघेत दुखत होतं. आधी फक्त खेळून झाल्यावर, मग खेळताना, आणि माझ्याकडे आली तेव्हा एसटीत तासभर बसलं तरी. स्कूटीवरून उतरताना चमक निघायची. शाळेतल्या भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं नको व्हायचं, म्हणून ती दिवसभर पाणी कमी प्यायची. हे तिने मी विचारल्यावरच सांगितलं, तेही खाली बघून.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तो सामना हिने शाळेतल्या मुलींना गोळा करून मोबाइलवर दाखवला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती माझ्यासमोर होती. “अजून दोन सीझन तरी खेळायचंय,” ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवलं. पुढचं सगळं प्रकरण त्या वाक्याभोवतीच फिरलं.

खुब्यात काय अडतं

खुबा हा उखळी सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. वाटीच्या कडेला कूर्चेची मऊ किनार असते, तिला लॅब्रम म्हणतात. डोकं जिथे त्याच हाडाच्या मानेला मिळतं तिथे हाड आत वळलेलं असावं लागतं, म्हणजे पाय पोटाशी घेतला तरी मानेला वाटीच्या कडेपाशी जागा राहते. काही जणांत तिथे खोलगटीच्या जागी उंचवटा असतो. त्याला कॅम म्हणतात. काहींची वाटीच जास्त पुढे आलेली असते, ती पिन्सर. गुडघा छातीकडे आणून पाऊल बाहेर फेकलं की उंचवटा कडेवर आदळतो आणि मधली किनार चिमटते. ही कल्पना आजच्या रूपात मांडली ती स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००३ मध्ये. म्हणजे तसं नवंच निदान. माझ्या कॉलेजच्या काळात जांघेतल्या अशा दुखण्याला सर्रास ‘स्नायू ताणलाय’ म्हणून सोडून दिलं जायचं.

आता खो-खोत काय होतं ते पाहा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनात उकिडवे बसतात, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. पाठीवर ‘खो’ मिळाला की त्या बसक्या अवस्थेतून पहिल्याच पावलात सुसाट निघायचं. खुबा पूर्ण दुमडलेला आणि त्यावर जोराचा झटका. अडणाऱ्या खुब्याला यापेक्षा वाईट जागा मुद्दाम शोधूनही सापडायची नाही.

उंचवटा येतो कधी? वाढीच्या वयात, हाडाची वाढपट्टी बंद होण्याआधी, जोरदार खेळणाऱ्या मुलांत तो जास्त तयार होतो, असं युरोपातल्या फुटबॉल आणि आइस हॉकीच्या मुलांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. वाढपट्टी मिटली की तो फारसा वाढत नाही. ही पाचवीपासून सकाळ-संध्याकाळ मैदानात होती.

पण एक मोठी मेख आहे. असा उंचवटा असलेले पुष्कळ लोक ठणठणीत असतात. काहीही न दुखणाऱ्यांवरचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र करून पाहिले, तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे ३७ टक्के खुब्यांत कॅम आकार निघाला, आणि खेळाडूंत तर अर्ध्याहून जास्त. लॅब्रमचंही तसंच. २०१२ च्या एका अभ्यासात खुबा न दुखणाऱ्या ४५ जणांचे एमआरआय काढले, तर ६९ टक्क्यांत किनार फाटलेली दिसली. म्हणून तज्ज्ञांनी मिळून केलेल्या २०१६ च्या वॉरिक सहमतीपासून नियम असा की तीन गोष्टी एकत्र हव्यात: तक्रार, तपासणीतल्या खुणा आणि चित्रातला आकार. तिघांपैकी एकच असेल तर निदान करायचं नाही.

हिच्यात तिन्ही होतं. डावा खुबा १२० अंशांपर्यंत सहज दुमडत होता, उजवा १०० वर अडत होता आणि दुखत होता. गुडघा काटकोनात ठेवून आत फिरवलं तर डावीकडे २८ अंश, उजवीकडे १०. खुबा दुमडून, आत आणून, आत वळवला की तिचा चेहराच सांगायचा. ही चाचणी नकारात्मक आली तर उपयोगाची, सकारात्मक आली म्हणून फार काही सिद्ध होत नाही. बाजूला पाय उचलण्याची ताकद उजवीकडे सुमारे पावपट कमी. एक्स-रेवर अल्फा कोन ६६ अंश (उंचवटा मोजायचा हा कोन, ६० च्या वर गेला की सहसा कॅम म्हणतात), वाटीची खोली ठीक, सांध्यातली जागा शाबूत, झीज नाही. एमआरआयमध्ये पुढच्या-वरच्या भागात लॅब्रम फाटलेला.

फाटलेला हा शब्द घरात पोचला तेव्हाच ऑपरेशन ठरलं होतं. दुसऱ्या भेटीला तिचे वडील आले. शेतकरी माणूस, थेट विचारलं, “मॅडम, फाटलंय म्हणत्यात. मग व्यायामानं शिवतंय व्हय?”

“नाही शिवत, काका.” दुसरं उत्तरच नव्हतं. “पण त्या फाटण्यामुळेच दुखतंय का, हे अजून ठरायचंय. फाटलेली किनार घेऊन माणसं शेतात कामं करतात आणि त्यांना पत्ताही नसतो.”

काका गप्प बसले. त्यांना पटलं असं काही मला वाटलं नाही.

‘करून झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय

तिच्या आधीच्या फिजिओचा हिशेब मी मागितला. सगळे मिळून पंधरा दिवस. रोज वीस मिनिटं करंट, दहा मिनिटं शेक, आणि शेवटी एका कागदावर छापलेले सहा व्यायाम, त्यातले चार ताणाचे. तळवे जोडून गुडघे जमिनीकडे दाबायचे, गुडघा छातीशी ओढून धरायचा, वगैरे. त्यावर यूट्यूबवरून शिकलेलं कबुतरासन तिचं स्वतःचं. ती प्रामाणिकपणे रोज अर्धा तास स्वतःचा खुबा त्याच्या अडणाऱ्या टोकापर्यंत ओढत होती. हाड हाडाला लागतंय तिथे ताण देऊन काय मिळणार? दार चौकटीत अडतंय म्हणून रोज जोरात ढकलत राहण्यासारखं ते झालं.

आमच्याच व्यवसायातली ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे मशीन, असं लोकांना वाटतं, कारण आम्हीच त्यांना ते शिकवलं. करंट-शेक झाला की फाइलवर ‘फिजिओथेरपीचा उपयोग नाही’ अशी ओळ पडते आणि पुढच्या डॉक्टरला ती खरी मानावी लागते. शस्त्रक्रिया विरुद्ध फिजिओ अशी तुलना करणाऱ्याने आधी फिजिओच्या रकान्यात काय भरलंय ते बघावं.

परदेशातल्या चाचण्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. त्यातल्या दोन महत्त्वाच्या चाचण्या ब्रिटनमधल्या. पहिलीचं नाव फॅशन, वॉरिक विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २३ रुग्णालयांत झाली आणि २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ३४८ रुग्ण, कोणाला काय मिळणार ते चिठ्ठीने ठरलं. निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया, निम्म्यांना आखीव फिजिओ: १२ ते २४ आठवड्यांत सहा ते दहा भेटी, समजावणं, दुखणं आटोक्यात आणणं आणि प्रत्येकाच्या ताकदीप्रमाणे वाढत जाणारे व्यायाम. मोजमाप आयहॉट-३३ या प्रश्नावलीने, शंभरपैकी गुण, जास्त तितके चांगले. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेचा गट ३९ वरून ५९ च्या आसपास गेला, फिजिओचा ३६ वरून ५० च्या आसपास. सुरुवातीचा फरक जमेस धरून शस्त्रक्रियेच्या बाजूने ६.८ गुण. रुग्णाला जाणवेल असा कमीतकमी फरक ६.१ मानला होता, म्हणजे शस्त्रक्रिया जिंकली, पण थोडक्यात. गंभीर त्रास मात्र जवळपास सगळे शस्त्रक्रियेच्या गटात, त्यात एकाला सांध्यात जंतुसंसर्ग झाला. आणि पहिल्या वर्षाच्या हिशेबात शस्त्रक्रिया पैशाला परवडणारी ठरली नाही.

दुसरी फेट, ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली, २०१९ मध्ये बीएमजे या नियतकालिकात. २२२ रुग्ण, आठ महिन्यांनंतर रोजच्या हालचालींच्या गुणांत शस्त्रक्रियेला १० गुणांची आघाडी. इथे फरक जास्त ठसठशीत आहे. पण ह्याच चाचणीत जाणवण्याइतकी सुधारणा झालेले शस्त्रक्रियेच्या गटात ५१ टक्के होते, फिजिओच्या गटात ३२. हे आकडे मी प्रत्येक रुग्णाला उलटे करून सांगते: ऑपरेशन करूनही निम्म्यांना म्हणावा तसा फरक पडला नाही.

अमेरिकी लष्करातल्या ८० जणांवरची चाचणी २०१८ ची. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच दिसले, म्हणून काही फिजिओ मंडळी ती झेंड्यासारखी मिरवतात. मिरवू नये. फिजिओच्या गटातल्या ७० टक्क्यांनी मधेच शस्त्रक्रिया करून घेतली होती, मग तुलना कशाची कशाशी?

मला स्वतःला सगळ्यात अस्वस्थ करणारी चाचणी २०२१ ची, कॅनडा, फिनलंड आणि डेन्मार्कमधली. तिथे दोन्ही गटांत दुर्बीण घातली. एका गटात हाडाचा उंचवटा तासला, दुसऱ्यात हाड न तासता सांधा धुतला. वर्षभरानंतर वेदनेत फरक नाही. दोन वर्षांच्या आत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण मात्र हाड तासलेल्या गटात कमी. म्हणजे तासण्याला अर्थ आहे, पण ‘उंचवटा गेला की दुखणं गेलं’ इतकं सरळ हे प्रकरण नाही.

हे सगळं तिला एका बैठकीत सांगितलं नाही, सांगूही नये. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, खुब्यात झीज नाही, म्हणून घाई नाही. सहा महिने थांबल्याने ऑपरेशनची संधी जात नाही. दोन, खरी फिजिओ अजून झालेली नाही. ती सहा महिन्यांना कबूल झाली, पण कशासाठी ते ऐका: “उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन केलं तर जूनमध्ये शाळेत कशी जाणार? दिवाळीपर्यंत बघते.” कंत्राटी नोकरीने जे ठरवलं ते मला माझ्या युक्तिवादाने ठरवता आलं नसतं.

चोवीस आठवडे

पहिल्या दिवशी आयहॉट-३३ चे गुण ३८. फॅशन चाचणीतली माणसंही साधारण इथूनच निघाली होती.

सुरुवात काढून टाकण्यापासून केली. सगळे ताण बंद, कबुतरासन बंद. घरी संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. स्कूटीच्या सीटवर घडी घातलेली सतरंजी बांधली, म्हणजे खुबा गुडघ्याच्या वर राहील. एसटीत मागे रेलून, पाय पुढे सोडून बसायचं. जेवताना पाटावर मांडी घालण्याऐवजी खुर्चीवर. यावरून घरात थोडं वाजलं, आजीला ते आवडलं नाही. पण दहा दिवसांत एसटीतली कळ निम्म्यावर आली, आणि आजीच म्हणाली, “बस बाई खुर्चीवरच.”

मग ताकद. कुल्ह्याचे बाजूचे स्नायू, मांडीच्या आतले, पोट आणि कंबर. आडवं होऊन कंबर उचलायचा पूल, एका पायावर पूल, कुशीवरचा प्लँक, पायरीवरून हळूहळू उतरणं. सहाव्या आठवड्यापासून वजन. तिच्या गावात जिम नाही. शाळेतल्या गोळाफेकीचे गोळे पिशवीत घालून ती खुर्चीवरून उठबस करायची, पुढे वडिलांनी वाळू भरून दोन गोणी शिवून दिल्या, एक दहा किलोची, एक पंधराची. फाटलेलं शिवण्यावरून तेव्हा विनोद झालाच. भेटी एकूण नऊ. रोज येऊन मशीनला लावून घेण्यापेक्षा अडीच-तीन आठवड्यांनी येऊन पुढचा टप्पा नेणं तिच्या खिशालाही परवडलं.

कंबरेचा कल हा एक बारीक मुद्दा. कंबर पुढे झुकवून, पाठीत खोल कमान देऊन उकिडवं बसलं की वाटीची पुढची कड खाली येते आणि हाड लवकर आदळतं. ही नेमकी तशीच बसायची, कारण लहानपणी मास्तरांनी ‘छाती वर’ शिकवलेलं. कंबर थोडी आत घेऊन, गुडघे जरा बाहेर उघडून आणि एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धा फूट मागे ठेवून बसवलं, तेव्हा पहिल्यांदाच दुखण्याआधी ती आणखी खाली जाऊ शकली. एक्स-रे काढला असता तर उंचवटा होता तिथेच, तेवढाच दिसला असता.

सगळं सरळ चढत गेलं असं नाही, आणि त्यात माझीही चूक होती. सतराव्या आठवड्यात तिने उड्या आणि दिशा बदलून धावणं छान केलं म्हणून मी चौकोनात बसायची परवानगी दिली, दिवसातून ‘थोडा वेळ’. थोडा वेळ म्हणजे किती, ते आकड्यात सांगितलं नाही. शालेय स्पर्धा तोंडावर होत्या. मुलींना उठणं दाखवता दाखवता तिने एका सकाळी चाळीसेक वेळा उठून दाखवलं. दुसऱ्या दिवशी लंगडत आली. दोन आठवडे मागे गेलो. तेव्हापासून मी ‘थोडं’ हा शब्द कागदावर लिहीत नाही. किती वेळा, किती मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखलं तर थांबायचं, सगळं आकड्यात.

चोवीस आठवड्यांनी गुण ६३. बाजूच्या स्नायूंची ताकद दोन्हीकडे जवळपास सारखी. आत वळण १० वरून १४ अंश, म्हणजे जवळजवळ होतं तिथेच. हाड अडवतंय तिथे व्यायामाने जागा होत नाही. शाळा, एसटी, स्कूटी, घरकाम, रात्रीची झोप, यांबद्दलच्या प्रश्नांचे गुण भरभरून वाढले. ती पाणी प्यायला लागली होती. मी खूश होते.

ती नव्हती. तिने प्रश्नावलीचा कागद माझ्याकडे फिरवला आणि खेळाच्या भागावर बोट ठेवलं. आयहॉट-३३ मध्ये चार भाग आहेत: लक्षणं आणि हालचाली, खेळ, नोकरी-काम, आणि मनाचं-लोकांतलं वागणं. बाकीचे तीन वर गेले होते, खेळाचा भाग तिशीतच घुटमळत होता. खेळाची एक पूर्ण पाळी चौकोनात काढली की संध्याकाळी जांघ ठणकायची, हे चोविसाव्या आठवड्यातही तसंच होतं.

सरासरीत हे दिसत नाही. ६३ या आकड्यात एक बरी झालेली शिक्षिका होती आणि एक न खेळू शकणारी खेळाडू. पहिल्या दिवशी कागदावर वर लिहिलेलं वाक्य शिक्षिकेचं नव्हतं.

पुन्हा सर्जनकडे

सर्जनला मी स्वतः पत्र लिहिलं, फाइलमधली ‘उपयोग नाही’ ही ओळ खोडून: काय केलं, काय सुधारलं, कुठे अडलं. त्यांनी ते वाचलं याचं मला अप्रूप वाटलं. त्यांच्या मते ती शस्त्रक्रियेसाठी चांगली उमेदवार होती: वय कमी, झीज नाही, वाटी उथळ नाही, उंचवटा स्पष्ट. वाटी उथळ असती किंवा सांध्यातली जागा कमी झालेली असती, तर दुर्बिणीने फायद्याऐवजी नुकसानच व्हायची शक्यता जास्त. त्यांनी एक गोष्ट सरळ सांगितली, जी सगळे सांगत नाहीत: या ऑपरेशनने पुढे होणारी झीज टळते असं सिद्ध झालेलं नाही. ‘आत्ता नाही केलं तर पुढे खुबा बदलावा लागेल’ ही भीती दाखवून कोणी घाई करवत असेल, तर त्याला पुरावा विचारावा.

मी तिला आणखी एक आकडा दिला, कारण तिचा प्रश्न खेळाचा होता. डेन्मार्कमध्ये खुब्याची ही शस्त्रक्रिया झालेल्या १८९ खेळाडूंना नंतर विचारलं, अहवाल २०१८ चा. आपल्या जुन्या खेळात जुन्या पातळीवर परतले ५७ टक्के. आणि त्यातही ‘आता पहिल्यासारखा सर्वोत्तम खेळतो’ म्हणणारे, सगळ्यांत मिळून फक्त १७ टक्के.

तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, “आणि काहीच नाही केलं तर?”

“तर आत्ता आहेस तशी राहशील. शाळा चालेल. कदाचित वर्षभर नेटाने केलंस तर आणखी थोडं सुधारेल.”

“चौकोनात?”

“चौकोनात मला आशा कमी वाटते.”

माझं मत अजून तीन-चार महिने बघावं असं होतं, आणि ते मी सांगितलं. वेगळ्या भूमिकेत खेळता आलं असतं, प्रशिक्षक म्हणून पुढे जाता आलं असतं, असंही सुचवलं. ती ऐकून घेत होती, पण २७ व्या वर्षी तीन-चार महिने म्हणजे एक सीझन. माझ्यासाठी तो कॅलेंडरचा एक तुकडा होता. तिने दिवाळीच्या सुट्टीतली तारीख घेतली. पैशांची सोय वडिलांनी उसाच्या बिलावर केली.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. पूर्ण भूल, पाय यंत्रावर ओढून सांधा किंचित उघडायचा, सेंटीमीटरभराच्या तीन छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं. उंचवटा तासला, फाटलेली किनार दोन अँकर (हाडात बसवायच्या बारीक खुंट्या) लावून वाटीला परत टाचली. काकांचं शिवण एकदाचं झालं. तीन आठवडे कुबड्या. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागाला महिनाभर बधिरपणा होता. तिथून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेला धक्का लागल्याने असं होतं आणि बहुतेकांत ते जातं. तिचंही गेलं.

आणि मग पुन्हा फिजिओ. ऑपरेशन निवडलं म्हणजे व्यायामातून सुटका, असा समज घेऊन येणारे मी दर महिन्याला बघते. वाळूच्या गोणी परत बाहेर आल्या. फरक इतकाच की आधीच्या सहा महिन्यांमुळे तिला काय करायचं ते माहीत होतं आणि स्नायू तयार होते; दुसऱ्याच आठवड्यात ती मलाच पुढच्या टप्प्याचे आकडे विचारत होती. ते सहा महिने वाया गेले असं तिच्या काकू म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण काकूंकडे अडीच लाखांचा हिशेब आहे आणि माझ्याकडे फक्त अनुभव.

चार महिन्यांनी गुण ७१. आत वळण २४ अंश. म्हणजे ऑपरेशनने ६३ वर आठ गुण घातले, तेवढेच. मी हे जरा तिरकसपणे बोलले असणार, कारण तिने पुन्हा तोच कागद माझ्याकडे फिरवला.

“ते आठ कुठं आलेत ते बघा, मॅडम.”

सगळे खेळाच्या भागात. बाकी तीन भाग जवळजवळ होते तिथेच, एक तर किंचित खालीच आला होता, बधिरपणाच्या महिन्यामुळे असेल. आठ हा आकडा सरासरीत किरकोळ दिसतो. तिच्या कागदावर तो तिशीतला भाग खूपच वर नेत होता.

यात ऑपरेशनचा वाटा किती, आणखी चार महिने गेल्याचा किती, वाळूच्या गोणींचा किती, हे एका माणसावरून कोणालाच सांगता येणार नाही. सर्जन तिला आपलं यश म्हणतील, मीही एखाद्या परिषदेत माझं म्हणून दाखवेन. सामना ती अजून खेळलेली नाही.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर तिला बघायला गेले. ती मुलींमध्ये चौकोनात बसली होती, कंबर आत, गुडघे उघडे, एक पाऊल मागे. पाठीवर खो पडला. ती उठली, तीन पावलं धावली, थांबली, आणि कमरेवर हात ठेवून काहीतरी मोजत उभी राहिली. मी हाक मारली तर बोटं दाखवली. बारा. त्या दिवशीची मर्यादा पंधराची होती.